स्मरणशक्तीची गोळी आणि पाण्याची पारी

अर्जुनीच्या एका मेडिकल दुकानात मी काउंटरवर उभी असते. डी.फार्म. झाल्यावर लागले, ती अजून तिथेच आहे. नवेगाव बांधकडच्या आमच्या गावाहून सकाळी स्कूटीने निघते, अंधार पडायच्या आत परत येते. दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की आमच्याकडे स्मरणशक्ती वाढवणाऱ्या बाटल्या आणि डब्या मागच्या फळीवरून पुढे येतात. आमचे सेठ मूळचे गोंदियाचे, घरीदारी हिंदीच बोलणारे. ते म्हणतात, "दिमागवाली दवाई सामने रखो, दिखेगी तो बिकेगी." मुलांच्या आया येतात, डबी उलटीसुलटी करून बघतात आणि मला विचारतात, "मॅडम, यानं खरंच फरक पडते का?"

मी म्हणायची, "तीन महिने देऊन बघा." तीन महिन्यांत परीक्षा होऊन जाते. परत विचारायला कोणी येत नाही.

तेव्हा मी त्या प्रश्नाचा फार विचार करत नव्हते. तो माझ्याच घरात शिरला तेव्हा करावा लागला.

आमच्या गावाला जुना तलाव आहे. खालच्या सगळ्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, पाऊस ओढला की त्याचंच पाणी. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या भरावाच्या, पोटात पाणी सोडायचं दार आहे, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. ते उघडायचं, पाणी नहरात, म्हणजे पाटात, सोडायचं, आणि कोणाची पारी, म्हणजे पाण्याचा नंबर, कधी हे ठरवायचं काम गावाने माझ्या बाबांकडे दिलं होतं. त्यांच्या आधी ते त्यांच्या काकांकडे होतं. कोणाच्या किती बांध्या याचा कागद गावसमितीच्या कपाटात आहे, पण रोजचा व्यवहार कागदावर होत नाही. आज याच्या घरी लग्न आहे, याची पारी त्याला द्या; त्याचं रोवणं उशिरा झालं, त्याला नंतर द्या. असे बदल तोंडी होतात आणि ते सगळे बाबांच्या डोक्यात असायचे. त्यांच्या शब्दावर कोणी वाद घालत नसे.

पहिल्यांदा खटकलं ते दिवाळीच्या आधीच्या पाण्याला. बाबा सकाळी पाळीवरून घरी आले, चहा घेतला, गमछा खांद्यावर टाकला आणि परत निघाले. आईने विचारलं, "आता कुठं?"

"तुडूम बंद नाही केलं वाटते."

ते बंद करूनच आले होते. तलावावरून येणाऱ्या एकाने तसं सांगितलं. आई हसली, मीही हसले. पण पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्यांदा झालं, आणि या वेळी तुडूम खरंच उघडं राहिलेलं होतं. दुपारपर्यंत पाणी नाल्यात वाहून गेलं. गावात कोणी काही बोललं नाही. बोलले नाहीत याचीच मला जास्त भीती वाटली. पाण्याच्या माणसाबद्दल लोक चूप बसले की त्यांच्या मनात काहीतरी सुरू झालेलं असतं. हा आपल्या माणसाला मुद्दाम जास्त देऊन राहिला, असं एकदा कोणाच्या डोक्यात बसलं की काढता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी दुकानातून डबी आणली. हिरव्या रंगाची कॅप्सूल होती. ब्राह्मी, शंखपुष्पी, अक्रोड, वर दोन-चार जीवनसत्त्वं. झाकणावर मेंदूचं चित्र. बाबांच्या हातात देत मी म्हटलं, "रोज सकाळी एक, रात्री एक. विसरायचं नाही."

बाबा म्हणाले, "न विसरायची गोळी खायची, तेबी न विसरता?"

पण खाल्ली. एकही दिवस चुकवली नाही. ताटाशेजारी डबी ठेवायचे, गोळी घेतली की माझ्याकडे बघायचे.

श्रावणात पाऊस थांबला आणि तलावाचं पाणी सोडायची वेळ आली. मी दुकानात असले तरी माझं लक्ष घराकडे होतं. दर दोन तासांनी आईला फोन करायची. "झालं का? बरोबर झालं का?" आई म्हणायची, "झालं. काऊन इतकी घाबरते?" खरोखरच सगळं बरोबर झालं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक पारी चुकली नाही. मधे दोघांनी अदलाबदल केली होती, तीही बाबांना आठवली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. ताठ चालत होते. तळपायाला मुंग्या येतात म्हणून अलीकडे जरा फाकून चालत, तरीही ताठ.

"तुही गोळी चांगली आहे," ते मला म्हणाले.

मी ते गावभर सांगितलं. दुकानात तर सांगितलंच. माझ्या घरचंच उदाहरण असल्यामुळे आता "तीन महिने देऊन बघा" म्हणायची गरज उरली नव्हती. "माझ्या बाबांना फरक पडला," असं मी छातीठोक म्हणायची. सेठ खूश होते. गावातल्या चार-पाच घरांत तीच हिरवी डबी गेली.

मग भादवा सरला आणि हस्ताचा पाऊस आलाच नाही. धान पोटरीत होतं. या दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंबी भरत नाही. तलाव अर्ध्याच्या खाली गेला होता. सगळ्यांना एकेकदा पाणी पुरेल, एवढंच होतं, आणि हे सगळ्यांना दिसत होतं. गावातलं बोलणं बदललं. लोक पाळीवर येऊन पाण्याकडे बघत उभे राहायचे आणि परत जायचे.

नेमकी तेव्हाच आई गावात नव्हती. माझी मोठी बहीण बालाघाटकडे दिलेली आहे, तिचे दिवस भरत आले होते. तिच्याकडे जाताना आई काळजीत होती. मी तिला म्हटलं, "बाबा ठीक आहेत, गोळ्या चालू आहेत." आईने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. रोज सकाळी मात्र तिचा बाबांना फोन यायचा. ते अंगणात जाऊन बोलायचे. म्हातारपणी नवराबायकोला एकमेकांशिवाय करमत नाही, एवढंच मला वाटलं.

बहिणीला दवाखान्यात नेलं त्या दिवशी सकाळचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी मुलगी झाल्याचा निरोप आला, मी दुकानात पेढे वाटले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, मला गावातून फोन आला. शेजारची काकू होती. "लवकर ये. पाळीवर भांडण चालू आहे. तुह्या बाबाले घेरलं."

ती स्कूटी मी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. पाळीच्या पायथ्याशी गाडी टाकली आणि वर चढले. तुडूम उघडायच्या चाकाजवळ वीस-पंचवीस माणसं होती. चाकावर दोन्ही हात ठेवून एक बाई उभी होती. तिच्या बांध्या नहराच्या अगदी टोकाला आहेत. नवरा नागपूरला कामाला, शेती ती एकटीच करते. तिच्यासमोर पाळीला लागून ज्याच्या बांध्या आहेत तो शेतकरी, सोबत त्याचे दोन भाऊ. एकाच्या हातात फावडं होतं. मधे बाबा.

"चाकाले हात लावू नको," तो शेतकरी म्हणत होता. "आज माही पारी आहे. काकाजीनं स्वतः खोलून देल्लं."

"दोन दिवस झाले तुह्याच बांधीत पानी जाऊन राहिलं," बाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "तुह्या बांध्या भरून वर आल्या. माह्या बांधीत भेगा पडल्या. काकाजी, तुमीच सांगा. परवा कोनाची पारी होती?"

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबांनी त्या शेतकऱ्याकडे पाहिलं, मग नहराकडे, मग माझ्याकडे. त्यांचे ओठ हलले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हेही सांगता येत नव्हतं.

"यानं सांगतलं," शेवटी ते म्हणाले. "पारी माही आहे म्हने."

"म्हंजे तुमाले मालूम नाही?" मागून कोणीतरी म्हणालं.

"मालूम नाही, का पैसे खाऊन बसले?" दुसरा आवाज.

तेवढं ऐकल्यावर गर्दी पुढे सरकली. फावडं असलेल्या भावाने बाईचा हात चाकावरून काढायला धरला. तिने त्याला ढकललं. बाबा मधे पडले आणि मागे सरताना त्यांचा पाय तुडुमाच्या ओल्या दगडावर पडला. पाय नीट टेकला नाही. मागे तलाव होता, आणि तुडुमाशी तो सर्वात खोल असतो. मी धावले आणि त्यांच्या सदऱ्याला धरलं. बाईने चाक सोडून त्यांचा दंड पकडला. आम्ही दोघींनी त्यांना वर ओढलं. तेवढ्यापुरतं सगळे थबकले.

मला काहीही करून हे थांबवायचं होतं. मी आईला फोन लावला. बाबा रोज जेवताना पाण्याचं सगळं आईला सांगतात, हे गावाला माहीत होतं. तिला काहीतरी ठाऊक असेल, एवढाच माझा विचार होता. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी स्पीकर चालू केला.

"माय, परवापासून कोनाची पारी होती?"

मागे दवाखान्याचा गोंगाट होता. आई लगेच बोलली, जराही न थांबता. "परवा आन काल टोकाची. आजपासून मधल्या नहराची. पाळीजवळच्याची तं पहिलेच होऊन गेली. काऊन, का झालं?" आणि मग, माझं उत्तर यायच्या आधी, "मी रोज सकारी सांगत होती न त्यायले फोनवर. दोन दिवस दवाखान्यात राहिली म्हनून राहून गेलं. त्यायच्या नाही लक्षात राहत आता."

मी स्पीकर बंद केला, पण उशीर झाला होता. पाळीवरच्या प्रत्येकाने ते ऐकलं होतं.

पाळीजवळचा शेतकरी खाली बघू लागला. त्याला माहीत होतं. बाबांना आठवत नाही हे ओळखूनच त्याने पारी मागितली होती, हे आता सगळ्यांना कळलं. पण त्या क्षणी त्याच्यावर कोणी ओरडलं नाही. लोक बाबांकडे बघत होते. त्या नजरेत राग उरला नव्हता, आणि बाबांना तेच सोसलं नाही. त्यांनी बाईला सांगितलं, "फिरव चाक. आजचं पानी टोकाले." मग मधल्या नहरवाल्यांकडे वळून विचारलं, "एक दिवस थांबान का?" ते थांबायला कबूल झाले. बाबा पाळीवरून उतरले आणि एकटेच घराकडे चालू लागले. मी मागून गेले.

घरी गेल्यावर त्यांनी डबी घेतली, एक गोळी हातावर काढली आणि मला विचारलं, "हे काम करते का नाही? खरं सांग."

दुकानात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला होता. "मला माहीत नाही बाबा," मी म्हटलं. त्यांनी गोळी परत डबीत टाकली.

आई आठवड्याने परत आली. मी तिच्यावर चिडले. "श्रावणातबी तूच सांगत होती ना? मले काऊन नाही सांगतलं?"

"तुले गोळीवर भरवसा होता," आई म्हणाली. ती आपले कपडे पिशवीतून काढत होती. "मले वाटलं, दोन्ही चालू राहू दे. तुही गोळीबी, माहं सांगनंबी. सकारी उठले का मी इचारत जाओ, आज कोनाची पारी, उद्या कोनाची. चुकले का सांगत जाओ. त्यायले वाटे, गोळीनंच आठवून राहिलं. बरं वाटे त्यायले. मी कायले मोडू?"

मी बाबांना गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डबी सोबत घेतली होती. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि बाबांना पायतान काढायला सांगितलं. मी गोंधळले. आम्ही डोक्यासाठी आलो होतो. त्यांनी बाबांना डोळे मिटायला लावून तळपायाला काहीतरी टोचलं आणि विचारलं, कळतं का. बाबांना नीट कळत नव्हतं. किती दिवसांपासून मुंग्या येतात, चालताना तोल जातो का, काय खाता, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, असं पुष्कळ विचारलं. मग वार सांगायला लावला, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी घड्याळ काढलं, पण सगळे आकडे एकाच बाजूला गेले. मी खिडकीकडे बघत बसले.

रक्ताच्या तपासणीत बी-बारा फार कमी निघालं. बाईंनी इंजेक्शनं लिहून दिली.

"म्हणजे जीवनसत्त्वाची गोळी उपयोगी पडते?" मी विचारलं. मला कुठूनतरी होकार हवा होता.

"ज्याच्या अंगात ते कमी आहे, त्याला दिलं तर पडते," त्या म्हणाल्या. "यांच्या पायाला फरक पडेल. डोक्यालाही थोडा पडेल, किती ते आज सांगता येत नाही. उशीर झालाय. या डबीत सगळंच चिमूटभर आहे. यांना जे कमी होतं, ते यातून भरून निघालं नसतं."

"आणि ब्राह्मी?"

"ब्राह्मीनं यांचा विसर थांबेल असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. दुसरं कोणी लिहून देत असेल तर जपून राहा." मग त्यांनी मला विचारलं, "ही सुरू केली तेव्हाच तुम्ही यांना इकडे का नाही आणलं?"

मी म्हटलं, "बरे झाले असं वाटलं."

त्यांनी मान हलवली. असं उत्तर देणारी मी काही पहिली नसेन.

इंजेक्शनांनी बाबांच्या पायांच्या मुंग्या कमी झाल्या. पुढच्या होळीपर्यंत ते पाळीवरून न डगमगता चालू लागले. चेहऱ्यावर जरा तरतरी आली. पण कालचं आजपर्यंत टिकणं काही परत आलं नाही. पुढच्या खेपेला बाईंनी मेंदूचा फोटो काढायला लावला आणि नंतर मला एकटीला बसवून सांगितलं की हा विसराचा आजार आहे, हळूहळू वाढेल, आणि घरच्यांनी काय काय सांभाळायचं. तुटक तुटक आठवतं ते मला. घरी येताना गाडीत मी बाबांच्या शेजारी बसले होते आणि सौंदडपर्यंत त्यांनी मला दोनदा विचारलं, आपण कुठे गेलो होतो.

दुकानात मी आता वेगळं बोलते. परीक्षेच्या मुलासाठी कोणी आलं तर झोप किती घेतो, जेवतो का, एवढं विचारते. घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी आलं तर आधी डॉक्टरकडे न्या, रक्त तपासा म्हणते. सेठ एकदा चिडून म्हणाले, "ग्राहक को डॉक्टर के पास भेजेगी तो मैं यहाँ क्या करूँ?" मी म्हटलं, "तिथून चिठ्ठी घेऊन आपल्याकडेच येतील." काही जण येतात. बरेच जण समोरच्या दुकानात जाऊन तीच डबी घेतात, मला काउंटरवरून दिसतं. आमच्या गावातल्या ज्या घरांत मी डबी दिली होती तिथे जाऊन मी सांगितलं. एका घरातल्या आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले तं बरं वाटते बाई, राहू दे." मी राहू दिलं. तपासणी मात्र करून घ्या म्हटलं.

आषाढाच्या बैठकीत गाव तलावाचं वर्षाचं ठरवतं. त्या वर्षी बाबा स्वतः उठून उभे राहिले. आम्ही घरी काही ठरवलं नव्हतं. ते म्हणाले, "मले आता ध्यानात राहत नाही. हे काम दुसऱ्याले द्या." मग टोकाची ती बाई मागून म्हणाली, "मी करीन. पन काकाजी, मले शिकवा लागन." दोघातिघांनी नाक मुरडलं, बाई कशी तुडूम सांभाळणार म्हणून. पाळीजवळच्या शेतकऱ्याने आधी मान हलवून होकार दिला, मग बाकीच्यांनी.

तिला बाबांनी शिकवलं. कोणत्या वळणावर नहर गळते, कोणत्या बांधीत पाणी वरून घ्यायचं आणि कोणत्या बांधीत खालून, तलावाचं पाणी कोणत्या दगडापर्यंत उतरलं की थांबायचं. हे जुनं सगळं त्यांना आठवत होतं. ती मोबाइलमध्ये रोजच्या पाऱ्या बोलून ठेवते.

यंदा परत पाऊस ओढला. बैठकीत आवाज चढले, पण पाळीवर भांडण झालं नाही. पाणी सुटलं त्या दिवशी मी सुट्टी घेऊन घरी थांबले होते. बाबा ओसरीत बसले होते आणि दिवसभर थोड्या थोड्या वेळाने विचारत होते, "पानी सुटलं का?" दर वेळी मी म्हटलं, सुटलं. संध्याकाळी त्यांनी वेगळंच विचारलं.

"टोकाले पोचलं का?"

ते मला माहीत नव्हतं. मी टोकाच्या बाईला फोन लावला. ती नहरावरच होती, पाण्याचा आवाज येत होता. "आत्ताच आलं, सांगजो काकाजीले," ती म्हणाली. मी फोन तसाच बाबांच्या कानाला लावला.